टाकी रिकामीच आहे, काय होतंय!

पिंपरी-चिंचवडमध्ये मोडलेली वस्तू टाकून देणाऱ्या माणसाकडे लोक जरा संशयानेच बघतात. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, 1962 मध्ये एमआयडीसी आली, मग आकुर्डी, चिंचवड, भोसरी असं करत कारखाने थेट चाकण-म्हाळुंग्यापर्यंत पोचले. आणि या सगळ्या काळात इथल्या माणसाची एक श्रद्धा पक्की होत गेली, की जोडता येत नाही असं जगात काही नाही, फक्त बरोबर गाळा सापडला पाहिजे. सोसायटीचं गेट, जिममधलं बाक, गणपतीच्या देखाव्याचा सांगाडा, ट्रॉलीचा हूक आणि एखाद्या कंपनीचं महागडं फिक्श्चर, हे सगळं एकाच दुपारी दहा बाय पंधरा फुटांच्या एकाच गाळ्यात शेजारी शेजारी पडलेलं असतं. मिस्त्री वस्तूकडे एकदा बघतो आणि 'ठेवा, तासाभराने या' म्हणतो. तो तास किती तासांचा असतो हे विचारायची पद्धत नाही.

फक्त एका वस्तूपुढे हा मिस्त्री थबकतो. गळकी पेट्रोलची टाकी समोर ठेवली, की तो हातातला होल्डर खाली ठेवतो, काळा चष्मा कपाळावर सरकवतो आणि त्या दिवसातला पहिला प्रश्न विचारतो, "पेट्रोलची का डिझेलची?"

गिऱ्हाइकाचं उत्तर ठरलेलं असतं. "अहो, रिकामीच आहे. काय होतंय!"

या वाक्याइतकं ज्वालाग्राही वाक्य मराठीत दुसरं नसेल. कारण घाबरायचं असतं ते रिकाम्या टाकीलाच. हवेत पेट्रोलच्या वाफेचं प्रमाण साधारण 1.4 टक्क्यांहून कमी असलं तर ती पेटत नाही, आणि 7.6 टक्क्यांच्या वर गेलं तरीही पेटत नाही. काळजी आहे ती मधल्या पट्ट्याची. गच्च भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते, की जळायला हवाच उरत नाही. आग लागली तर ती तोंडाशी लागते आणि निदान पळायला वेळ देते. रिकाम्या टाकीत मात्र थोडी वाफ, पुष्कळ हवा आणि चहूबाजूंनी पत्रा, असा सगळा सरंजाम मांडून ठेवलेला असतो. कमतरता असते फक्त ठिणगीची. ती आणायला आपण पैसे देऊन मिस्त्री ठरवतो.

बरं, 'थोडी वाफ' म्हणजे किती? दोनशे लिटरचं आख्खं बॅरल त्या मधल्या पट्ट्यात न्यायला दोन-तीन चहाचे चमचे पेट्रोल पुरतं. तेवढं पेट्रोल टाकीच्या दुमडलेल्या जोडात, आतल्या पडद्यामागे, गंजाच्या पापुद्र्याखाली सहज लपून बसतं. टाकी उलटी करून झटकली तरी ते बाहेर येत नाही. उणे चाळीस अंशांतही पेट्रोल पेटण्याजोगी वाफ सोडतं, तर एप्रिलमधल्या भोसरीत ते काय करत असेल याची कल्पना करावी. शिवाय ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. म्हणजे 'झाकण उघडं ठेवलंय, उडून जाईल' ही आशा फोल आहे. ती उडत नाही. तळाशी बसून वाट बघते.

इतकं सगळं असूनही टाक्या वेल्ड होतातच. त्यामागे गेल्या काही दशकांत या पट्ट्यात तयार झालेले वेगवेगळे संप्रदाय आहेत. प्रत्येकाचा आपला विधी आहे आणि प्रत्येकाला दुसऱ्याचा विधी वेडगळ वाटतो.

पहिला सायलेन्सर संप्रदाय. एखादी चालू गाडी जवळ उभी करायची, तिच्या सायलेन्सरला रबरी नळी लावायची आणि तिचं दुसरं टोक टाकीत सोडायचं. दहा मिनिटं धूर भरायचा, मग बिनधास्त काम. हसू नका, यामागे शास्त्र आहे. धुरात नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड जास्त, प्राणवायू कमी. हवाच हाकलली तर जळणार काय? समुद्रावरची कच्च्या तेलाची अजस्र जहाजं नेमकं हेच करतात. बॉयलरचा धूर धुऊन, थंड करून तेलाच्या टाक्यांत भरतात आणि आतला प्राणवायू 8 टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत. म्हणजे लांडेवाडीतला मिस्त्री आणि आंतरराष्ट्रीय नौकानयन यांचं तत्त्वावर एकमत आहे. फरक एवढाच, की जहाजावर प्राणवायू मोजणारं यंत्र असतं आणि इथे धूर 'भरला वाटतं' यावर काम चालतं. त्यातून नळी लावलेली गाडी डिझेलची आणि न्यूट्रलमध्ये घुरघुरत असली, तर तिच्या धुरात प्राणवायू भरपूर शिल्लक असतो. बाहेरून विधी यथासांग, आत देव नाही.

दुसरा संप्रदाय ओल्या पोत्याचा. टाकीवर भिजवलेलं पोतं गुंडाळायचं आणि भोकापुरती जागा मोकळी ठेवायची. पोत्याने पत्रा गार राहतो हे खरं. पण वाफ आत असते, पोतं बाहेर. दोघांची कधी गाठच पडत नाही.

तिसरे नाकवाले. झाकण उघडतात, नाक आत घालतात, 'वास गेला' म्हणून निकाल देतात. पेट्रोलचा वास दोन मिनिटं घेतला की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. त्यातून ते नाक भोसरीतलं. सकाळपासून त्याने थिनर, कूलंट, पावडर कोटिंग आणि शेजारच्या गाळ्यातला फेविबॉन्ड हुंगलेला असतो. अशा नाकाची साक्ष कुठल्याही कोर्टात टिकणार नाही.

चौथे फुंकणारे. आत हवा खेळती राहावी म्हणून गॅस कटिंगची नळी टाकीत घालून सिलिंडरमधला ऑक्सिजन सोडतात. हेतू सफाईचा, परिणाम असा, की जिथे पेट्रोल जेमतेम पेटलं असतं तिथे ते आता जोरात पेटावं याची सोय होते.

पाचवे डिझेलवादी. "डिझेल हो, काडी टाकली तरी पेटत नाही!" हे ते इतक्या ठामपणे सांगतात, की खरंच वाटावं. आणि ते खरंही आहे, थंड डिझेलपुरतं. पण आपण टाकीला लावणार आहोत तीन हजार अंशांच्या वर जाणारा ऑक्सि-ॲसिटिलीनचा झोत. त्या उबेत भिंतीला चिकटलेला डिझेलचा थर वाफ धरतो आणि पेट्रोलच्या वळणावर जातो. तळेगाव चौकात अडकलेला ट्रक, त्याची गळकी टाकी आणि 'साहेब, डिझेलच आहे' म्हणत बिडी ओढणारा क्लीनर, हे त्रिकूट याच वादावर उभं असतं.

सहावे काडीवाले. वाफ आहे की नाही हे बघायला हे आत पेटती काडी टाकतात. या संप्रदायात अनुयायी फार नाहीत. संप्रदाय वाढायला अनुयायी टिकावे लागतात.

सातवा संप्रदाय मात्र मला मनापासून आवडतो, कारण तो वेल्डिंगच करत नाही. धुण्याचा साबण मऊ करून भोकात दाबायचा. साबण पाण्यात विरघळतो, पेट्रोलमध्ये नाही. म्हणून गळती खरोखरच थांबते. या जुगाडावर कित्येक चेतक पुढच्या पंपापर्यंत, काही पुढच्या पगारापर्यंत आणि एखाददुसरी मुलाच्या लग्नापर्यंत पोचल्याचं मानायला हरकत नाही. 1972 पासून आकुर्डीने लाखोंनी चेतक बनवल्या. टाकी सीटखाली, पेट्रोल किती आहे ते दाखवणारा काटा नाही, त्यामुळे स्कूटर हलवून आवाज ऐकायचा आणि अंदाज बांधायचा. टाकीशी इतकं जवळचं नातं असलेल्या पिढीने तिला साबण लावला, यात नवल नाही. आता चेतक इलेक्ट्रिक झाली. तिला टाकीच नाही. एका संपूर्ण शास्त्राचा आधारच कंपनीने काढून घेतला.

संप्रदायांचं हे असं. भिंतीपलीकडे मात्र दुसरंच जग आहे. एखाद्या मोठ्या कारखान्यात असल्या टाकीजवळ ठिणगी पाडायची असेल तर आधी हॉट वर्क परमिट लागतं. त्यावर मेंटेनन्सची सही, उत्पादन विभागाची सही, सेफ्टी ऑफिसरची सही. वाफ मोजायचं मीटर येतं. मीटरचं कॅलिब्रेशन झालंय का, याचा वेगळा कागद येतो. दहा-अकरा मीटरच्या आतलं पेटण्याजोगं सगळं हलवायचं किंवा झाकायचं, कारण ठिणग्या तेवढ्या लांब जाऊ शकतात. अग्निशामक घेऊन एक माणूस उभा, आणि काम संपल्यावरही तो किमान अर्धा तास तिथेच. हे सगळं होईपर्यंत गुरुवार उजाडतो आणि गुरुवारी सुट्टी असते.

आता हाच दहा मीटरचा नियम आपल्या दहा बाय पंधरा फुटांच्या गाळ्याला लावून बघा. गाळा केव्हाच संपतो. शेजारचा लेथवाला, पलीकडची चहाची टपरी, तिचा सिलिंडर, रस्ता आणि रस्त्यापलीकडची रिक्षा, एवढं सगळं त्या वर्तुळात येतं. आणि टाकीतून काढलेलं पेट्रोल कुठे असतं? ते बाकाखाली, रंगाच्या उघड्या डब्यात. हेल्पर त्यात हाताचं ग्रीस धूत असतो. टाकी सुरक्षित करण्याच्या कार्यक्रमात ती रिकामी करतात आणि धोका डब्यात भरून पायाशी ठेवतात.

कायद्याने मात्र याचा विचार आपल्या आधीच करून ठेवला होता. 1948 च्या, 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियमात कलम 37 होतं. त्याच्या चौथ्या पोटकलमाने सांगितलं, की ज्या टाकीत स्फोटक किंवा ज्वालाग्राही पदार्थ आहे किंवा पूर्वी कधी होता, तिला वेल्डिंग, ब्रेझिंग, सोल्डरिंग किंवा कटिंगसाठी उष्णता लावायची नाही. आधी तो पदार्थ आणि त्याची वाफ काढून टाका, नाहीतर निष्प्रभ करा. आता काय आहे एवढ्यावर त्या कायद्याचं समाधान नव्हतं. जुन्या वळणाचे लोक स्थळाची चौकशी करताना मागच्या तीन पिढ्यांत शिरत, तशी टाकीच्या पूर्वायुष्याची चौकशी इथे अभिप्रेत होती. पुढचं वाक्य तर त्याहून जाणकार: काम झाल्यावर धातू पुरेसा निवेपर्यंत तो पदार्थ पुन्हा आत घालायचा नाही. 1948 साली दिल्लीत बसून हे लिहिणाऱ्याने आपलं गिऱ्हाईक नक्की पाहिलं असणार. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल घेऊन 'झालं का? ओतू का?' विचारत जे दारात उभं असतं, ते हेच.

पेट्रोल वाहणाऱ्या टँकरचा मामला आणखी कडक. 2002 चे पेट्रोलियम नियम आहेत, नागपूरला मुख्यालय असलेली पेसो ही संस्था आहे, आणि टाकीत वाफ उरलेली नाही असं सक्षम माणसाने लिहून दिल्याशिवाय तिच्यावर आगीचं काम करता येत नाही. मोठ्या टाकीला कागद लागतो, छोट्या टाकीला 'काय होतंय' पुरतं. दोन-तीन माणसांच्या गाळ्याला कारखाना म्हणायचं की नाही, हा वकिलांचा प्रश्न. वाफ हजेरीपट बघून ठरवत नाही.

टाकीची एक थोरली बहीणही आहे, तिचं नाव बॅरल. चाकण पट्ट्यातल्या कंपन्यांत थिनर, हायड्रॉलिक ऑइल, रेझिन असं काय काय दोनशे लिटरच्या बॅरलमधून येतं, आणि रिकामं बॅरल भंगारात जातं. कुदळवाडी-चिखलीतली भंगाराची गोदामं फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेच्या बुलडोझरखाली गेली, पण बॅरल ही वस्तू अमर आहे. बांधकामावर पाणी साठवायला, सोसायटीत कचऱ्याला, ढाब्यावर भट्टीला, गोठ्यात जनावरांना. प्रत्येकाला ते अर्धं कापून हवं असतं. लेबल निघून गेलेलं असतं, त्यामुळे आत काय होतं हे कोणालाच ठाऊक नसतं आणि सगळ्यांनाच खात्री असते. 'ऑइलचं होतं' हे ठरलेलं उत्तर. मग कोणीतरी सांगतं, गॅस नको, कटर वापर, म्हणजे धोका नाही. ग्राइंडरला हातात धरता येईल असा ठिणग्यांचा कारंजा न समजता शांत, सोज्वळ यंत्र समजणं, ही या पट्ट्याची खास देणगी आहे.

आता खरी पद्धत सांगायला हवी. ती सांगताना वाचक पान उलटतील ही भीती आहे, कारण ती कमालीची रटाळ आहे. टाकी गाडीवरून उतरवायची. कॉक, फ्लोट, झाकण काढायचं. उरलेलं इंधन बंद डब्यात घालून दूर न्यायचं. मग गरम पाणी आणि डिटर्जंट घालून टाकी खळखळून धुवायची, पाणी ओतायचं, पुन्हा धुवायची. त्यानंतर आत वाफारा सोडायचा, तोही किमान अर्धा तास, टाकी मोठी असेल तर आणखी. मग मीटर लावून बघायचं. कोणी कॉस्टिक सोडा सुचवतो. पोलादी टाकीला तो चालतो, पण ट्रकची टाकी ॲल्युमिनियमची असेल तर सोडा आणि ॲल्युमिनियम मिळून हायड्रोजन तयार करतात. एक पाहुणा घालवताना त्याहून तापट दुसरा घरात घेतल्यासारखं होतं. आणि टाकी प्लॅस्टिकची असेल तर हा सगळा लेखच तिला लागू नाही, ती बदलायची.

धुऊन झालं की टाकी अशी कलती करायची की भोक सगळ्यात वर येईल, आणि भोकाच्या जरा खालपर्यंत पाणी भरायचं. आत वाफेला जागाच उरली नाही पाहिजे. फक्त तोंड उघडं हवं, नाहीतर तापलेल्या पाण्याची वाफ आपला मार्ग स्वतः शोधते. इथे एक गंमत आहे. 'पाणी भरलं की झालं' असं म्हणत काही जण धुण्याची पायरी गाळतात. पेट्रोल पाण्याहून हलकं. पाणी भरत जाल तसं लपलेलं पेट्रोल तरंगत वर येतं, म्हणजे नेमकं भोकापाशी, झोताच्या स्वागताला. धुतल्याशिवाय पाणी भरणं म्हणजे पेट्रोलला लिफ्ट देणं.

हे सगळं झाल्यावर शेवटी वेल्डिंग. टाकीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा; आर्क लावला तर भोक बुजण्याऐवजी मोठं होतं. म्हणून गॅसचा बारीक झोत, पितळी रॉड आणि टाकणखार. पाच मिनिटांत टाका बसतो. म्हणजे दिवसभराच्या कामातला बघण्यासारखा भाग पाच मिनिटांचा आणि बाकी सगळं धुणं. नेमकी हीच अडचण आहे. सायलेन्सरचा प्रयोग बघायला चौकातली निम्मी माणसं जमतात. चार फुटांवर उभी राहून 'लांब राहा रे' असं एकमेकांना सांगतात. टाकी तिसऱ्यांदा खंगाळणाऱ्या मिस्त्रीकडे कुत्रंसुद्धा बघत नाही. आणि हे धुणं यशस्वी झालं याचा पुरावा काय? काही झालं नाही, हा. त्यावर गिऱ्हाईक म्हणतं, 'बघा, काहीच झालं नाही, उगाच दिवस घालवला.' उलट सायलेन्सरवाला सांगतो, 'वीस वर्षं करतोय, काही झालं नाही.' दोघांचा पुरावा शब्दशः एकच. ज्यांच्या बाबतीत काही झालं, ते वादात भाग घ्यायला येत नाहीत.

म्हणून खरी मारामारी होते ती बिलावर. टाक्याचे पैसे गिऱ्हाईक देतं. धुण्याचे म्हटलं की त्याचा चेहरा बदलतो. "धुवायचे कसले पैसे? पाणी कॉर्पोरेशनचं, पावडर दहा रुपयांची!"

एका मिस्त्रीला मी म्हटलं, "दादा, उलटं करा. पाटीच लावा, टाका फुकट, फक्त धुण्याचे पैसे पडतील. फुकट म्हटल्यावर लोक वादच घालणार नाहीत."

त्याने रॉड बाजूला ठेवून थोडा विचार केला. मग म्हणाला, "साहेब, पाटी वाचून लोक 'घरून धुऊन आणलीय' म्हणतील. त्यांच्या धुण्यावर माझा भरवसा नाही, म्हणजे परत मलाच धुवावी लागणार. टाका फुकट आणि धुणंपण फुकट. तुम्ही धंदा केलेला दिसत नाही कधी."